ऑइल कमी पडून इंजिन धरलं, तर नुसतं बोअर-पिस्टन बदलून भागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १५० सीसीची गाडी, साखळीहून चोर्ला घाट चढताना वरच्या बाजूनं टकटक सुरू झाली, मग ताकद गेली आणि कणकुंबीच्या अलीकडे इंजिन धरलं, म्हणजे जाम झालं. थंड झाल्यावर किक हलली म्हणून तशीच जांबोटीपर्यंत आणली. ऑइल काढलं तर लिटरभराच्या जागी जेमतेम ३०० मिली निघालं. मध्यंतरी क्लच प्लेटांचं काम झालं होतं. आता मेस्त्री बोअर-पिस्टन (नवा सिलिंडर आणि पिस्टन) टाकून देतो म्हणतात, तेवढ्यावर भागेल का?

नाही भागणार. बोअर-पिस्टन बहुधा लागेलच, पण पहिला मार बसलाय हेडला (सिलिंडरच्या वरचा भाग), आणि सगळ्यात महागात पडणारा मार कदाचित क्रँकमध्ये (पिस्टन ज्याला फिरवतो तो खालचा शाफ्ट) लपलाय. शिवाय ७०० मिली ऑइल गेलं कुठं हे कळल्याशिवाय नवा ब्लॉक (सिलिंडर) चढवला, तर त्याचीही तीच गत होणार.

आत काय झालं ते बघा. ऑइल पंप तळाच्या जाळीतून ऑइल ओढतो, फिल्टरमधून पुढे ढकलतो आणि तिथून वाटा फुटतात. एक वाट क्रँकपिनकडे (क्रँकवर कनेक्टिंग रॉड बसतो ती पिन) जाते, एक ब्लॉकच्या स्टडच्या भोकातून वर हेडकडे. ऑइल आधीच कमी, त्यात घाटाचा चढ. गाडीचं तोंड वर झालं की उरलंसुरलं ऑइल मागे सरकतं, जाळी मधूनमधून उघडी पडते आणि पंप हवा ओढायला लागतो. हवा मिसळलेला फेस दाब धरत नाही. हेड सगळ्यात उंच आणि सगळ्यात लांब, त्यामुळे पुरवठा आधी तिथला तुटतो. कॅम आणि रॉकर आर्म (हेडमधले व्हॉल्व्ह उघडणारे भाग) कोरडे घासायला लागले, तीच तुमची टकटक.

ताकद गेली ती त्याच्या पुढची पायरी. बोअरच्या भिंतीवर आणि पिस्टनच्या पोटाला ऑइल मिळतं ते मुख्यतः बिगएंडमधून (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक) उडणारं. ते थांबलं की वंगण तर जातंच, पिस्टनची उष्णता वाहून नेणारंही कोणी उरत नाही. ॲल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी लायनरपेक्षा (सिलिंडरची आतली नळी) जास्त फुगतो, आणि नव्या इंजिनात दोघांमधली फट असते ०.०१ ते ०.०४ मिमीच्या घरात. ती संपली की पिस्टन आधी अडखळतो, मग चिकटतो. थंड झाल्यावर तो आकसला, म्हणून किक हलली. त्यानं इंजिन सुटलं, वाचलं नाही. पुढे जांबोटीपर्यंत गाडी चालली तेवढ्या वेळात पिस्टनवरून खरवडलेलं ॲल्युमिनियम उरलेल्या ऑइलबरोबर सगळ्या इंजिनात फिरलं.

नुसत्या बोअर-पिस्टनचं काम फसतं ते इथंच. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत क्रँक दाबून जोडलेला असतो आणि बिगएंडला नीडल रोलर बेअरिंग असतं. रोलरला मोठा दाब लागत नाही, सतत थोडं थोडं वाहतं ऑइल पुरतं, म्हणून छोटं इंजिन अशा प्रसंगात जरा तग धरतं. (दोन सिलिंडरच्या मोठ्या गाड्यांत क्रँकला शेल बेअरिंग असतात. तिथे शाफ्ट दाबाखालच्या ऑइलच्या थरावरच तरंगतो. दाब गेला की बघता बघता शेल घासून जातात.) पण रोलरचं दुखणं वेगळं आहे. क्रँकपिनच्या बारीक भोकातून धातूची भुकटी आत गेली की ती तिथेच अडकते. बाहेरून डिझेल मारा, हवा मारा, सगळी निघाली याची खात्री देता येत नाही. वरून नवा ब्लॉक बसवला की ही भुकटी व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखी रोलर खात बसते, आणि दोन-तीन हजार किलोमीटरवर खालून ठोका येतो. मग लोक म्हणतात बोअर-पिस्टन डुप्लिकेट होता.

म्हणून काढलेलं ऑइल टाकून देऊ नका. स्टीलच्या ताटलीत पातळ पसरा, उन्हात तिरकं धरून बघा आणि खालून लोहचुंबक फिरवा. चुंबकाला न चिकटणारे चंदेरी, चमकणारे कण म्हणजे ॲल्युमिनियम: पिस्टन, किंवा कॅम थेट हेडमध्ये फिरत असेल तर हेडची बैठक. चुंबकाला लागणारी सुई किंवा करडी पावडर म्हणजे कॅम, रॉकर, बेअरिंग किंवा गिअर. पिवळसर कण बुशचे. काळे, मऊ, बोटांत चुरडणारे तुकडे क्लच प्लेटचे. फिल्टरचा कागद कापून, घड्या उघडून तोही बघा, कारण ताटलीत दिसत नाही ते बरंचसं तिथे सापडतं.

हेड उघडल्यावर कॅमचा उंचवटा आणि रॉकरचा पाय जवळून बघा. पृष्ठभाग आरशासारखा हवा. नखाला लागेल अशी रेघ, खड्डा किंवा निळसर झाक दिसली तर कॅम आणि रॉकर दोन्ही बदला. जुन्या रॉकरवर नवा कॅम टिकत नाही. कॅम बॉल बेअरिंगवर असेल तर बेअरिंग बदलून काम होतं. हेडच्याच ॲल्युमिनियममध्ये फिरत असेल आणि ती बैठक खरवडली असेल, तर हेडच बदलावं लागतं. पॉलिश पेपर मारून चालवतो असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. तिथली फट वाढली की ऑइल तिथूनच सांडतं आणि पुढच्या जागेला दाब उरत नाही.

क्रँकची तपासणी ब्लॉक काढल्यावर पाच मिनिटांची आहे. पिस्टन वरच्या टोकाला आणा, कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांनी सरळ वर-खाली ओढा. इथे काहीच जाणवता कामा नये. ०.०५ मिमी ही साधारण मर्यादा, आणि हाताला 'टक' लागला म्हणजे ती ओलांडली. डावी-उजवीकडची हालचाल थोडी असतेच, त्यानं घाबरू नका. ती फिलर गेजनं मोजा, ०.६ मिमीच्या आसपास गेली तर रॉड किट (रॉड, पिन आणि बेअरिंग) संपलं. हाताला काही लागत नसलं तरी ऑइलमध्ये ॲल्युमिनियम भरपूर सापडलं असेल, तर मी तरी रॉड किट बदलायलाच सांगेन. बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपची कमी नाही. क्रँक दाबून उघडणं, नवी पिन आणि रॉड बसवणं, मग सेंटरवर धरून डायल गेजनं सरळ करणं, हे काम नेहमी क्रँक करणाऱ्याकडेच द्या. परत घेताना डायल लावून दाखवा म्हणा: टोकांवरचा रनआउट (फिरताना सरळ रेषेपासून होणारी हालचाल) ०.०३ मिमीच्या आत यायला हवा.

आता पंप. तो उघडला नाही तर वरची सगळी मेहनत वाया. आतला आणि बाहेरचा असे दोन रोटर असतात. त्यांच्या टोकांमधली फट नव्यात साधारण ०.१५ मिमी, ०.२० च्या पुढे गेली तर पंप बदला. झाकणाच्या आतल्या बाजूवर गोल चरे असतील तरीही बदला, कारण धातूची भुकटी पहिल्यांदा पंपातूनच जाते. तळाची जाळी काढून धुवा. क्रँकच्या टोकाला गोल फिरणारा सेंट्रीफ्यूगल फिल्टर असेल, तर त्याच्या भिंतीवर बसलेला काळा थर लाकडी पट्टीनं खरवडून काढा. ऑइल कूलर असेल तर त्याच्या नळ्यांसकट दोन्ही बाजूंनी धुवा. शंका राहिली तर नवा टाका, त्याच्या बारीक वाटांत अडकलेली भुकटी नंतर सुटते.

ऑइल गेलं कुठं? मुख्य वाटा दोन, गळलं किंवा जळलं. ॲक्सिलेटर देताना निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा, उतारावर सोडून पुन्हा देताना भपका येत असेल तर व्हॉल्व्ह सील. गळतीसाठी सगळे ड्रेन प्लगकडे बघतात, पण खानापूरकडच्या पावसात आणि तांबड्या चिखलात फसवणारी जागा दुसरीच आहे: पुढच्या चेन स्प्रॉकेटमागचं ऑइल सील. स्प्रॉकेटचं झाकण उघडा. आत चिखल, चेनचं ग्रीस आणि धूळ यांचा काळा लगदा असतो, आणि तिथलं ऑइल चेनचंच आहे असं वाटतं. लगदा स्क्रू ड्रायव्हरनं उकरा. तळाशी, शाफ्टच्या भोवती ओलं पातळ ऑइल लागलं तर गळती तिथली. सील स्वस्त आहे, पण शाफ्टवर सीलच्या ओठानं खाच पाडली असेल तर नवं सीलही गळेल, तेव्हा बोट फिरवून बघा.

क्लचच्या कामाकडे मला जरा संशयानं बघावंसं वाटतं. झाकण परत बसवताना कागदी पॅकिंगवर सिलिकॉनचा गम चोपडायची सवय सर्रास आहे. बाहेर दिसतो तितकाच गम आतही येतो, त्याचा दोरा सुटतो आणि जाळीवर किंवा ऑइलच्या भोकात जाऊन बसतो. पॅकिंगची भोकं झाकणाच्या भोकांवर नीट आली होती का, ऑइलच्या वाटेवरची छोटी ओ-रिंग परत घातली होती का, फिल्टर उलटा तर बसला नाही ना, हे तिन्ही उघडताना बघून घ्या, नंतर कळत नाही.

पाण्याचाही प्रकार असतो. २०१९ च्या पुरात कृष्णाकाठच्या कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसतं, आणि जाळीही तिथंच. ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर चालू करून बघायचंच नाही, आधी काढून दोनदा धुवायचं.

ब्लॉकचं: लायनर लोखंडी असेल आणि चरे खोल नसतील तर ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइजला (मूळ मापापेक्षा मोठा) बोअर होतो, पिस्टन आधी हातात घेऊन मगच बोअर मारायचा. कोटिंगवाला ब्लॉक बोअर होत नाही, तो बदलायचाच. रिंगांच्या टोकांची फट ब्लॉकमध्ये घालून मोजा, ०.१५ ते ०.३० मिमी हवी.

जोडणी झाल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. पंप बसवताना त्यात ऑइल भरा, कॅमवर, पिनवर आणि बोअरला ऑइल लावा. प्लग काढा, टॅपेटची झाकणं उघडी ठेवा आणि किक मारत राहा. रॉकरवर ऑइल पाझरताना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. किक नसेल तर स्टार्टर पाच-पाच सेकंद, मध्ये थांबून. यामाहाच्या काही मॉडेलांत हेडवर त्यासाठी वेगळा बोल्ट असतो: तो सैल करून इंजिन आयडलवर ठेवायचं, मिनिटभरात ऑइल आलं नाही तर लगेच बंद. ऑइल दिसेपर्यंत प्लग लावायला देऊ नका, मेस्त्री कितीही घाईत असले तरी.

ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं, डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीचा जपानी दर्जा) लिहिलेलं. घरात ट्रॅक्टरचं उरलंय म्हणून ते घालू नका. ते डिझेल इंजिनासाठी आहे, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठी तपासलेलं नसतं. पहिलं ऑइल ५० ते १०० किमीला फिल्टरसकट बदला आणि पुन्हा ताटलीत बघा. थोडी बारीक पावडर असणारच, कण असतील तर थांबा. दुसरं ५०० किमीला. तोवर घाट नको, एका वेगावर लांब पळवणं नको.

पातळी बघताना गाडी मेन स्टँडवर सपाट जागी उभी हवी. दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तितकाच वेळ थांबा. बहुतेक गाड्यांत ऑइल मोजायची काडी फिरवून आवळायची नसते, नुसती टेकवून बघायची. साइड स्टँडवर बघितलेली पातळी खोटी. आणि मीटरवर ऑइलचा दिवा असलाच तरी त्यावर विसंबू नका. बहुतेक गाड्यांत तो पातळी सांगत नाही, दाब जवळजवळ संपल्यावर पेटतो.

पुन्हा कधी वरून टकटक आली तर त्याच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद करा आणि गाडी बाजूला घ्या. गरम इंजिनावर पाणी ओतू नका, जोरानं किक मारू नका. ऑइल मिळालं आणि भरलं तरी गाडी चालू न करता टेम्पोत घालून आणा. टेम्पोचं भाडं क्रँकच्या कामापुढे काहीच नाही.