भामट्यांच्या विनोदी चित्रपटात चूक कुठली आणि चाल कुठली?

तुमचा प्रश्न असा आहे: भामट्यांच्या एका विनोदी चित्रपटात नोटांची बॅग नायकाच्या डाव्या हातात असते आणि पुढच्याच शॉटला उजव्या हातात दिसते. शेवटी पोलीस तोतये निघतात, पण मध्ये एकदा ते दोघंच खोलीत असताना खऱ्या पोलिसांसारखे ‘आरोपी निसटायला नको’ असं बोलतात. यातलं चुकलंय काय आणि मुद्दाम केलंय काय?

बॅग चुकलीये. मी परभणीत एडिटिंग करतो, जास्त करून लग्नं आणि मधूनमधून शॉर्टफिल्म, त्यामुळे हे कसं होतं ते जवळून पाहतो. सीन एका दमात शूट होत नाही. आधी सगळा सीन मास्टरमध्ये, म्हणजे लांबून सलग घेतात, मग एकेकाचे सजेशन (समोरच्याच्या खांद्यावरून घेतलेले शॉट) आणि क्लोज. मध्ये जेवणाची सुट्टी होते, लाइट हलतात. कंटिन्युइटी, म्हणजे कुठल्या शॉटला काय कुठं होतं ते लिहायला असिस्टंट असतो, तरी काही ना काही सुटतंच. मग टेबलावर दोन टेक येतात. एकात बॅग बरोबर हातात आहे पण विनोद पडतो, दुसऱ्यात बॅग चुकलीये पण टायमिंग नेमकं आहे. मी डोळे झाकून दुसरा लावीन. हशा गेला तर तो परत आणता येत नाही. हात बदललेला मात्र थिएटरात फार कुणाला दिसत नाही. अशा चुका टिपायच्या असतील तर बोलणाऱ्याचा चेहरा सोडा आणि कडेला पाहा: ग्लासातलं पाणी, सिगारेटची लांबी, मागचं घड्याळ, उघड्यावरच्या सीनमधल्या सावल्या.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. या प्रकारच्या चित्रपटात बॅगेची अदलाबदल हाच कधीकधी डाव असतो. हात बदलला तर सोडून द्या, पण पट्टा किंवा कुलूप बदललं तर रिवाइंड करून पाहा.

त्याच बॅगेबद्दल खरी शंका वेगळी घ्यायला हवी, ती वजनाची. 500 च्या नोटांत एक कोटी म्हणजे 20,000 नोटा, शंभर-शंभर नोटांच्या 200 गड्ड्या. एक नोट साधारण ग्रॅमभर धरली तरी 20 किलो होतं. हेच 100 च्या नोटांत केलं तर क्विंटलभर होतं. अडत बाजारात ज्यानं पोतं उचललंय त्याला विचारा, ते एका हातात घेऊन गच्चीवरून उडी मारता येते का! शिवाय गोष्ट 8 नोव्हेंबर 2016 नंतरची असेल आणि गड्ड्या जुन्या 500 च्या असतील, तर सगळी ठगी कागदाच्या रद्दीसाठी चाललीये.

दुसरी जागा म्हणजे शिक्के आणि लेटरहेड. भामट्याचं पोटच त्यावर चालतं, म्हणून तिथं ढिलाई झाली की मला फार लागते. समजा, गोष्ट 1975 ची आहे आणि तोतया अधिकारी ‘जिल्हाधिकारी, लातूर’ असा शिक्का मारतो. लातूर जिल्हा झाला 16 ऑगस्ट 1982 ला, तोवर तो उस्मानाबादेत होता. जालना 1981 चा, आमच्या परभणीतून फुटलेला हिंगोली 1999 चा. त्याच 1975 च्या गोष्टीत जीपवर एमएच-22 दिसलं तर तेही खोटं, कारण असे आकडी कोड 1989 च्या मोटार वाहन नियमांनंतरचे. निजामाच्या काळातली गोष्ट असेल तर औरंगाबादच्या बाजारात हाली सिक्का, म्हणजे निजामाच्या राज्याचं चलन चालायला हवं. व्यवहार सगळा इंग्रजी रुपयात दाखवला की समजावं, कुणी चौकशीच केली नाही. पण पात्रानंच शिक्का चुकीचा बनवला आणि त्यावरून ते पकडलं गेलं, तर ती चूक लेखकाची नाही, उलट त्याचं कौतुक करायला हवं.

पार्श्वसंगीताला मात्र हा नियम लावू नका. ‘द स्टिंग’ (1973) या ठगांवरच्या अमेरिकन चित्रपटाची गोष्ट 1936 ची आणि त्यातलं गाजलेलं पियानोचं संगीत स्कॉट जॉप्लिनचं, ते 1902 मध्ये छापलेलं. ते पात्रांना ऐकू येत नाही, आपल्याला येतं. तिथं काळ मोजायचं कारण नाही.

आता पोलिसांचं. तुमची ही शंका बॅगेपेक्षा कितीतरी मोलाची आहे. अशा वेळी मी एकच विचारतो: हे सोंग चाललंय कुणासाठी? ‘द स्टिंग’च घ्या (पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा). त्यातही शेवटी एफबीआयची माणसं ठगांच्याच टोळीतली निघतात. पण स्नायडर हा लाचखाऊ पोलीस त्यांना खरं समजतो, आणि तोच नायकाला धरून त्यांच्यापुढे आणतो. म्हणजे दमदाटीचं नाटक पाहायला गिऱ्हाईक हजर आहे. आपण त्याच्याबरोबर फसतो आणि दुसऱ्यांदा पाहताना हिशेब जुळतो. फसवलं, पण खेळ चोख ठेवला.

वेशांतर कुणाला कसं ओळखू येत नाही, ही शंका मी यात धरत नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) मधले पुरुष बायका बनून राहतात आणि घरमालकीण फसते, एवढं मान्य करूनच आपण बसलेलो असतो. मान्य केलेल्या गोष्टीवर नंतर भांडू नये. त्या चौकटीत राहून पात्रं काय करतात ते तपासा.

तुमच्या चित्रपटातले दोघं तोतये खोलीत एकटे असतील, तर ते कुणासाठीच सोंग करत नाहीत, फक्त प्रेक्षकासाठी करतात. माझ्या मते ती सरळसरळ लबाडी आहे, आणि ती लेखकाची आहे. तो सीन काढला असता तरी शेवट तसाच बसला असता. निकाल द्यायच्या आधी एवढं करा: तो सीन आवाज बंद करून पाहा. दाराशी चहावाला उभा आहे का, खिडकी उघडी आहे का, फोनचा रिसीव्हर खाली काढून ठेवलाय का. यातलं काही सापडलं तर इथं कळवा, मी माझं मत बदलीन.