आधी त्या रेघा खोड

‘मावशी, लग्नाला ९ वर्षं झाली. यांची शिरोलीत फौंड्रीत ड्युटी, शिफ्ट बदलत्या. करवीर नगर वाचन मंदिरातून मी प्रेमकथांचा एक संग्रह आणला. १२ कथा दोन रात्रींत संपवल्या, रडले. आवडलेल्या ओळींखाली पेन्सिलनं रेघा मारल्या आणि पुस्तक यांच्या उशाशी ठेवलं. तीन आठवडे झाले. एक कथा वाचली, “बरी आहे” म्हणाले, विषय संपला. ज्या माणसाला मनातलं काही कळतच नाही, त्याच्याबरोबर पुढची वर्षं कशी काढायची?
– कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली एक वाचक’

अगं, रेघांचं तू अर्ध्या वाक्यात उरकलंस आणि माझं सगळं लक्ष तिथंच अडकलंय. वाचन मंदिराच्या पुस्तकात रेघा? १८५० सालापासून गावाला वाचायला देणारी ती संस्था. उद्या ते पुस्तक कुणा तिऱ्हाइताच्या हातात जाईल आणि तुझ्या घरातली तक्रार तो पानापानावर वाचेल.

नवऱ्यालाही तू पुस्तक दिलं नाहीस, तपासलेला पेपर दिलास. खुणा केलेलं पान उघडलं की डोळा आधी रेघेवर जातो, कथा मागं पडते. समज, ‘मला कधी कुणी विचारलंच नाही’ या वाक्याखाली बायकोच्या हातची रेघ दिसली. भट्टीपुढं आठ तास काढून आलेला माणूस त्या नायिकेचा विचार करत बसेल का? आपलं काय चुकलं ते शोधेल. अशा वेळी ‘बरी आहे’ यापलीकडं तो बोलणार तरी काय?

आणि तू तरी नीट वाचलंस का? दोन रात्रींत बारा कथा म्हणजे चौथीतलं दुःख पाचवीत सांडतं, सातव्या कथेपर्यंत सगळे नवरे एकाच चेहऱ्याचे दिसायला लागतात. कादंबरी सलग वाचावी, ती आपल्याला हळूहळू आत घेते. दहा-बारा पानांची कथा एखाद्या दिवसाचा, कधी एका संध्याकाळचाच तुकडा उचलते आणि ऐन मोक्याला थांबते. उरलेलं वाचणाऱ्यानं मनात चालवायचं असतं. त्याला एक रात्र मधे जावी लागते. ती न जाऊ देता तू पुढची कथा उघडलीस आणि अशा बारा मोक्याच्या क्षणांशी ९ वर्षांच्या रोजच्या संसाराची तुलना केलीस.

शिवाय रेघा बहुतेक बोलण्याखालीच पडतात. प्रेमकथेत पात्रं तोंडानं जे म्हणतात ते पुष्कळदा स्वतःची समजूत घालण्यासाठी असतं. ‘मी काही मागितलं नाही’ म्हणणारी बाई त्याच कथेत पानोपानी मागत असते. खरं काय ते हातांत दिसतं: कोण उठून दार लावतं, कुणाचं ताट झाकून ठेवलंय, कोण न विचारता पंखा बारीक करतं. अशा ओळी साध्या असतात, पेन्सिल त्यांच्याजवळ थांबत नाही.

तेव्हा आज दुकानातून मऊ पांढरा खोडरबर आण. पेन्सिलीच्या शेंड्याचा नको, तो जुना झाला की कडक होतो, कागद खरवडतो, रंगाचा डाग पाडतो. पुस्तक सपाट ठेव, डाव्या हाताची दोन बोटं शिलाईजवळ पान दाबून धरू देत आणि शिलाईकडून कडेकडं, एकाच दिशेनं, हलक्या हातानं खोड. मागं-पुढं घासलंस की पान चुरगळतं, शिलाईपाशी फाटतं. चुरा हातानं पुसू नकोस, घाम लागून काळे फराटे उठतात. कोरड्या मऊ ब्रशनं झाड. पिवळ्या पडलेल्या कागदाचे तंतू लगेच निघतात, तिथं पुसट खूण राहिली तर राहू दे. जोरात दाबून मारलेल्या रेघेची खाच जाणार नाही, तिच्यामागं लागून पानाला भोक पाडू नकोस. आणि पाण्याचं बोट अजिबात नाही. खोडता खोडता त्या ओळी पुन्हा वाचशील, पण या वेळी मागच्या-पुढच्या ओळींसकट वाच.

मग नवऱ्याला एकच विचार: बारातली कुठली कथा वाचलीस? तीन आठवड्यांत हे तू विचारलंच नाहीस, निदान पत्रात तरी नाही. तीच कथा त्याला मोठ्यानं वाचून दाखव. तुला आवडलेली नको. पानाला दोन-अडीच मिनिटं धर, दहा पानं पंचवीस मिनिटांत होतात. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात हे काढू नकोस. रंकाळ्यावरही नको, तिथं भेळेत आणि गर्दीत लक्ष लागत नाही. घरीच, जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून सोप्यात बसा. संवादांना नाटकी आवाज लावू नकोस, परिच्छेद संपला की श्वासभर थांब. मधेच तो काही बोलला तर बोट पानात ठेवून ऐकून घे, वाचन अर्धं राहिलं तरी चालेल. संपल्यावर ‘कशी वाटली?’ विचारू नकोस. त्याच्याकडं बघतही बसू नकोस. पुस्तक मिट आणि तांब्या भरून ठेवायला ऊठ.

पुस्तकाची मुदत टळत आली असेल. वाढवून घे.