फादर स्टीफन्स यांनी पुराणच का लिहिले?

प्रश्न : 'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज होते आणि गोव्यात सत्ता पोर्तुगिजांची होती. असे असताना त्यांनी ओवीबद्ध पुराण रचले, तेही कोकणीत नव्हे तर मराठीत, याचे कारण काय? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : कारण ग्रंथाच्या आरंभीच सापडते. धर्मशिक्षण चालू असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीबाबांना विनवतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तेव्हा त्यांच्या जागी वाचावयास दुसरे पुराण आम्हांला द्यावे. या विनवणीमागची परिस्थिती विसरता येत नाही. स्टीफन्स 1579 च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले, त्याच्या बारा वर्षे आधी गोव्यातल्याच सासष्टी प्रांतातली देवळे पाडली गेली होती आणि 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाबद्दल शिक्षा करणारे चर्चचे न्यायालयही सुरू झाले होते. कीर्तन-पुराणाची सवय असलेल्या लोकांपुढे एकाएकी शांतता पसरली होती, आणि ती पोकळी त्यांच्याच ओळखीच्या छंदाने भरावी हे ज्याला सुचले, त्याला त्या लोकांचा कान कळला होता, असे मला मनापासून वाटते. त्यांची पुराणे ज्या व्यवस्थेने हिरावून घेतली, त्याच व्यवस्थेचे स्टीफन्स सेवक होते, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

भाषेच्या निवडीतही तोच विचार दिसतो. त्यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले, जे त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये छापले गेले, आणि लहानांना शिकवावयाची प्रश्नोत्तरी कोकणी गद्यातच ठेवली. पण पुराण ऐकावयाचे ते मराठीत, अशी त्या प्रांतातली रीत असल्यामुळे सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे काव्य त्यांनी मराठीत रचले आणि लोकांना सोपे जावे म्हणून त्यात कोकणी शब्द मिसळले. पहिल्या भागात बायबलमधल्या 'जुन्या करारा'ची व दुसऱ्या भागात येशूची कथा आहे. खड्यांत रत्नाचे तेज, फुलांत मोगरी, सुवासांत कस्तुरी, तशी भाषांत मराठी, ही त्यांनी केलेली स्तुती तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असते.

1616 मध्ये सासष्टीतल्या रायतूर येथे हा ग्रंथ रोमन अक्षरांत छापला गेला, कारण देवनागरीचे छपाईचे खिळे तेथे नव्हते. देशी लिपीत छपाई व्हावी ही इच्छा त्यांनी 1608 मध्ये आपल्या जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या प्रमुखांना पत्राने कळवली होती, ती फळाला आली नाही. (देवनागरीतले एक हस्तलिखित पुढे लंडनच्या मार्सडन संग्रहात आढळले.) 1619 मध्ये स्टीफन्स वारले. त्यानंतर 1649 आणि 1654 मध्ये ग्रंथाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या, मात्र 1684 मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. तरीही पुराण टिकले, कारण गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या होत्या. 1907 मध्ये मंगळुरात जोसेफ साल्ढाणा यांनी जी आवृत्ती सिद्ध केली, ती अशाच प्रतींवरून.