वडिलांचा एनटी-प्रोबीएनपी ३८०० आलाय, हृदय कमकुवत आहे. यावरून किती वर्षं उरलीत ते कळतं का?

नाही कळत. एनटी-प्रोबीएनपी आणि त्याचा भाऊबंद बीएनपी हे हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारे घटक, एवढंच. घरातल्या कुणीतरी आकडा गुगल करून तुम्हाला घाबरवलं असणार. आमच्याकडे हे खातं मोठ्या भावाकडे होतं.

आई हार्ट फेल्युअरने ॲडमिट होऊन घरी आली. दादा बंगळुरूला. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर गेला की तासाभरात त्याचा फोन. सूज उतरून आईच्या पायात चपला पुन्हा जायला लागल्या, रात्री तीन उशा लागायच्या तिथे एक पुरते, असं मी सांगितलं की म्हणायचा, "ते ठीक आहे गं, बीएनपी किती?" मग डॉक्टरांनी सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनची गोळी सुरू केली आणि पुढच्या तपासणीत बीएनपी ३८० वरून ५४० वर गेला. झालं! दादाने फोनवरूनच गोळी बंद करायचं फर्मान काढलं. मी बंद केली नाही. डॉक्टरांनी रिपोर्टवरच्या 'बीएनपी' या अक्षरांभोवती पेनाने गोल काढला. बीएनपी मोडणारं एन्झाइमच ही गोळी अडवते, म्हणून तो वाढू शकतो. एनटी-प्रोबीएनपीला ते एन्झाइम हात लावत नाही, तो करून आणा म्हणाले. डिस्चार्जला २९०० होता, आता ११०० आला. दादाच्या मते अजूनही लॅबच चुकली होती.

तुमचे ३८०० ॲडमिट होतानाचे की डिस्चार्जचे, हे तुम्ही लिहिलंच नाहीये, आणि सगळं त्यावर आहे. दोन्हींमध्ये ३० टक्क्यांहून जास्त उतरला तर लक्षण चांगलं. हललाच नाही तर पुन्हा ॲडमिट व्हायचा धोका जास्त. किडनी अधू असेल किंवा एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) असेल तर आकडा चढाच असतो, लठ्ठ माणसाचा फसवा कमी. ट्रोपोनिन, एसटी२ या हृदयासाठीच्या दुसऱ्या रक्ततपासण्यांनीही धोका कमी की जास्त एवढंच कळतं.

आणि सारखं तपासून आकड्यामागे धावणं? अमेरिका-कॅनडातल्या गाइड-इट या रुग्णांवरच्या संशोधन-चाचणीत एनटी-प्रोबीएनपी १००० च्या खाली आणायचा म्हणून औषधं वाढवली. नेहमीच्या उपचारांपेक्षा फायदा दिसेना म्हणून ती मध्येच थांबवली, निकाल २०१७ मध्ये छापून आला. दादाला पाठवला. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

मी डॉक्टर नाही, आणि तपासणी निरुपयोगी आहे असंही म्हणत नाही. दम नेमका कशाने लागतोय ते ठरवायला ती लागतेच. पण वडिलांचं वजन रोज सकाळी करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. लांबच्या नातेवाइकांना रोज आकडाच हवा असेल तर तो वजनाचा पाठवा.