जर्सी सिटीत चांगलं तयार रोस्ट चिकन कुठे मिळेल?

तुम्ही जर्सी सिटीत नवीन आहात, भाड्याच्या घरातला ओव्हन बंद आहे, सुपरमार्केटमधलं तयार रोस्ट चिकन दरवेळी कोरडं निघतं, म्हणून चांगलं कुठे मिळेल आणि ते तीन-चार दिवस पुरवता येईल का, असं विचारलंय. शेवटी एक वाक्य जोडलंय: 'बाहेरचं आणतो म्हणून आई फोनवर रागावते.' खरं सांगायचं तर त्या वाक्यामुळेच हे उत्तर लिहायला बसले.

आधी पत्ता. जर्नल स्क्वेअरला पाथ ट्रेन पकडा आणि शेवटच्या स्टेशनला, म्हणजे नेवार्क पेनला उतरा. बाहेर पडलात की फेरी स्ट्रीट. हा सगळा भाग आयर्नबाउंड, जुनी पोर्तुगीज वस्ती. तिथे कोंबडी पाठीतून चिरून, पुस्तकासारखी उघडून कोळशावर भाजतात आणि वरून पिरी-पिरी, म्हणजे तिखट मिरचीचा सॉस, लावतात. हा झाला जवळचा पर्याय. लांबचा आणि माझ्या मते सरस पर्याय म्हणजे पॅटरसन. होबोकनहून न्यू जर्सी ट्रान्झिटची मेन लाइन थेट तिथे जाते. पॅटरसनला पेरूहून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे आणि मार्केट स्ट्रीटच्या आसपास त्यांच्या पोयेरिया आहेत, म्हणजे फक्त भाजलेल्या कोंबडीची दुकानं. दुकानाचं नाव मी कुणालाच सांगत नाही, कारण आचारी बदलला की चव बदलते. खूण सांगते. कोळशाचा वास रस्त्यापर्यंत यायला हवा, भट्टी गिऱ्हाइकाला दिसायला हवी आणि रविवारी दुपारी आजी-आजोबांसकट कुटुंबं रांगेत उभी असायला हवीत. मेनूकार्डावर पास्ता, बर्गर आणि सुशी दिसली तर मागे फिरा.

सुपरमार्केटमधलं कोरडं का निघतं, तर कोंबडी तिथला धंदा नाही, आमिष आहे. कॉस्टको या मोठ्या दुकानसाखळीत साधारण तीन पौंडांची कोंबडी 2009 पासून 4.99 डॉलरलाच मिळते आणि ती ठेवतात दुकानाच्या पार मागच्या टोकाला. तिथपर्यंत जाता-येता तुमची गाडी भरते. तरी कॉस्टकोचं मी वाईट म्हणणार नाही. खप इतका आहे की कोंबडी फार वेळ पडून राहत नाही. खप कमी असलेल्या दुकानात ती सकाळी भाजतात आणि संध्याकाळी ऑफिस सुटेपर्यंत गरम कपाटात ठेवतात. नियमाने तिथे 57 अंश सेल्सिअसच्या वर उष्णता ठेवावी लागते, म्हणजे कोंबडी तासन्‌तास मंद शिजतच राहते. तंगडीला ते चालतं, तिच्यातले चिवट धागे जास्त उष्णतेत विरघळून मऊ होतात. छातीच्या मांसात चरबीही फारशी नाही आणि तसे धागेही फारसे नाहीत. ते 74 अंशांवर शिजलेलं असतं, पुढचा प्रत्येक तास त्यातलं पाणी काढून घेतो. म्हणून तर कित्येक ठिकाणी आधीच सुईने मिठाचं पाणी भरतात. लेबल वाचा, लिहिलेलं असतं.

डबा उचलायच्या आधी तंगडीचं टोक बघा. मांस हाडावरून वर सरकून हाड बोटभर उघडं पडलं असेल आणि छातीवरची कातडी सुरकुतून सैल झाली असेल, तर ती कोंबडी बराच वेळ कपाटात आहे. ताज्या कोंबडीची कातडी ताणलेली असते आणि डब्याच्या तळाचा रस पातळ असतो, गोठलेला नसतो. बऱ्याच दुकानांत लेबलवर वेळ छापतात. नसेल तर काउंटरवर सरळ विचारा, पुढची खेप कधी निघणार.

आता माझी गोष्ट. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत सासरची मंडळी आमच्याकडे जमली होती. बॉस्टनहून दीर-जाऊ, व्हर्जिनियाहून चुलत नणंद, सगळ्यांची मुलं. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत रात्रपाळी करते. सकाळी घरी आले, दोन तास पाठ टेकली आणि पॅटरसनला जाऊन चार कोंबड्या घेऊन आले. जायचं ते मी हौसेने गेले, नाइलाजाने नाही. या मंडळींनी ती चव कधी घेतली नव्हती आणि मला ती त्यांना द्यायची होती.

ते दुकान एकदा बघाच. भिंतीएवढी भट्टी, खाली निखारे, वर एकावर एक फिरणाऱ्या सळ्या, प्रत्येक सळीवर ओळीने कोंबड्या. वरच्या सळीवरची चरबी खालच्या कोंबडीवर ठिबकते, खालची निखाऱ्यात पडून धूर होतो आणि तो धूर पुन्हा वर सगळ्यांना लागतो. मॅरिनेडमध्ये लसूण, जिरं, मिरी, सोया सॉस आणि त्यांची आही पांका नावाची लाल मिरची. जिऱ्याचा वास आला की आपल्या माणसाला परकं वाटतच नाही. काउंटरवरच्या काकांनी सळीवरून कोंबडी उतरवली, लाकडी ठोकळ्यावर ठेवली आणि सुऱ्याच्या दोन घावांत चार तुकडे केले. कातडी फुटल्याचा आवाज मला रांगेत ऐकू आला. सोबत जाड बटाट्याचे काप, सॅलड आणि हिरव्या चटणीच्या छोट्या डब्या. ही चटणी मिरचीची, त्यात वाकाताय नावाची त्यांच्याकडची पालेदार वनस्पती. आपल्या ठेच्याच्या शेजारी बसवली तरी मान खाली घालणार नाही.

घरी आल्यावर टेबलावर मांडलं, मुलांनी हात घातले आणि जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "घरात एवढा मोठा ओव्हन आहे आणि पाहुण्यांना बाहेरचं? आपल्या आत्याबाई सांगलीला तीस माणसांचं वाटण पाट्यावर करायच्या." आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. मी म्हटलं, "वहिनी, आधी एक तुकडा खाऊन तर बघा." त्यांनी खाल्ला नाही. सॅलड आणि बटाटे घेऊन बसल्या. नवरा म्हणाला, सोड. मी तेव्हा सोडलं, कारण मुलं जेवत होती.

पण तुमच्या आईंचं वाक्य वाचलं आणि जाऊबाईंना जे तेव्हा बोलायला हवं होतं ते सगळं वर आलं. तर सांगते. ही कोंबडी घरी होतच नाही. पेरूमध्येही सहसा कुणी घरी करत नाही. 1950 मध्ये लिमाच्या बाहेर सांता क्लारा इथे रॉजर शूलर नावाच्या स्विस माणसाने 'ला ग्रान्हा असूल' हे हॉटेल काढलं आणि कोंबड्या निखाऱ्यावर भाजून विकायला सुरुवात केली. मागणी वाढली तेव्हा फ्रान्झ उलरिख या दुसऱ्या स्विस माणसाने त्याच्यासाठी एकाच वेळी पुष्कळ कोंबड्या फिरवणारं यंत्र तयार केलं. म्हणजे या पदार्थाचा जन्मच हॉटेलात आणि यंत्रावर झाला. 2004 मध्ये पेरू सरकारने त्याला राष्ट्रीय वारशाचा मान दिला. जुलैचा तिसरा रविवार तिथे पोयो आ ला ब्रासाचा, म्हणजे याच निखाऱ्यावरच्या कोंबडीचा दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी लोक दुकानासमोर रांगा लावतात, ओव्हन पेटवत नाहीत.

आणि आपल्याकडे तरी पाव कोण घरी भाजतं? कोल्हापूर-सांगलीकडे मिसळीबरोबर बेकरीतलाच पाव येतो, त्यावरून कुठल्या सासूने सुनेला बोल लावले? भट्टीचं काम भट्टीवाल्याने करावं. पाट्यावरच्या वाटणाबद्दल मला आदर आहे. माझ्या आत्याबाईंचा तांबडा रस्सा आजही माझ्या जिभेवर आहे. पण त्यांच्या मागे पाणी भरायला, मसाला भाजायला, भाकरी थापायला घरात आणखी बायका होत्या. रात्रपाळी करून आलेल्या एकट्या बाईला त्यांचं उदाहरण देणं हा त्यांचाही अपमान आहे. त्यांना कुणी विचारलं असतं, 'आज बाहेरून आणू का?', तर त्या नाही म्हणाल्या असत्या असं मला वाटत नाही. त्यांना कुणी विचारलंच नाही.

तुमच्या आईंना असंच सांगा. किंवा नका सांगू, आईशी कसं बोलायचं ते तुम्हाला जास्त कळतं. पण पाहुणे आले की घरचंच हवं म्हणायचं, आणि बाहेरचं पुरुषाने आणलं तर चालतं, बाईने आणलं तर आळस, हे मी पुष्कळ घरांत बघितलंय. माझ्या दिरांनी त्याच सुट्टीत दुसऱ्या दिवशी पिझ्झा मागवला, तेव्हा कुणी पाट्याची आठवण काढली नाही.

पुरवायचं कसं, तेही विचारलं होतंत. घरी येताना डब्याचं झाकण एका कोपऱ्यातून उघडं ठेवा, नाहीतर वाफेने कातडी लोळागोळा होते. त्या दिवशी जेवढं खायचं तेवढं खा आणि उरलेलं कोमट असतानाच हाडांवरून सोडवा, गार झाल्यावर हात दुखतात. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं आणि तीन, फार तर चार दिवसांत संपायला हवं. ओव्हन नाही तर हरकत नाही. तवा तापवा, कातडीची बाजू खाली ठेवून मंद आचेवर गरम करा. मायक्रोवेव्ह छातीच्या मांसासाठी वापरूच नका. ते हातानेच बारीक सोडून कांदा, कोथिंबीर, लिंबू घालून पोळीत गुंडाळा. हाडं फेकू नका. आलं-लसूण, चार मिरे आणि पाणी घालून तासभर उकळा, धुराच्या वासाचा जो रस्सा निघतो त्यात नुसता भात कालवूनही जेवण होतं. मीठ मात्र शेवटी चाखून घाला, कोंबडीत आधीच भरपूर असतं.

हे आधी सांगायला हवं होतं: हलाल लागत असेल तर पेरूच्या प्रत्येक दुकानात मिळेल असं नाही, विचारून घ्या. काही जण मॅरिनेडमध्ये बिअर घालतात. बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो, तेव्हा गव्हाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी जपावं. घरात कुणाला रक्तदाब असेल तर सुपरमार्केटची मिठाचं पाणी भरलेली कोंबडी रोज नको. आणि पॅटरसनची कोंबडी कॉस्टकोपेक्षा बरीच महाग पडते. महिन्याचं बजेट घट्ट असेल तर आठवड्याला कॉस्टको, संध्याकाळी गर्दीच्या वेळी, भट्टीतून निघाली की लगेच. पॅटरसनला पगार झाला की जा, रविवारी बाराच्या आत पोचा आणि हिरव्या चटणीची एक डबी जास्तीची मागून घ्या.