कॅथलिक लोक पाप करून फादरला सांगितलं की मोकळे होतात का? आणि फादर ते कुणाला सांगत नाहीत कशावरून?

तुमची मैत्रीण गुड फ्रायडेच्या आधी दरवर्षी कन्फेशनला, म्हणजे फादरसमोर पापांची कबुली द्यायला जाते, त्यावरून तुम्ही हे विचारलंय. मी वसईचा, पिढीजात कॅथलिक. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, नुसतं सांगून मोकळं होता येत नाही.

आधी मनाची तपासणी करायची, चुकीचं खरं दुःख व्हायला हवं आणि पुन्हा तसं न करण्याचा निश्चय हवा. मग फादरसमोर बोलायचं. ते दोन शब्द समजुतीचे सांगतात, प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना किंवा एखादं चांगलं काम देतात आणि पापक्षमेचे शब्द उच्चारतात. आमच्या श्रद्धेनुसार क्षमा देवाची असते, फादर तिचे सेवक. पण दुसऱ्याचं नुकसान केलं असेल तर ते भरून देण्याची जबाबदारी तशीच उरते. भावाच्या जमिनीचा बांध कोरलाय आणि तो परत सोडायची तयारीच नाही, तर कन्फेशनला काही अर्थ नाही. आमच्याकडे वाड्यांच्या हद्दींवरून भावाभावांची बोलणी बंद होतात, म्हणून हेच उदाहरण दिलं. सांगणं त्यामानाने सोपं, त्यानंतर भावाच्या दारात जाणं फार अवघड.

आता गुप्ततेबद्दल. चर्चच्या कायद्यानुसार कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, पोलिसांना नाही, न्यायालयाला नाही, स्वतःच्या बिशपनाही नाही. जाणूनबुजून थेट गुप्तता मोडली तर ते त्याच क्षणी चर्चमधून बहिष्कृत होतात आणि ती शिक्षा उठवण्याचा अधिकार रोमकडे असतो. 2018 मध्ये केरळातल्या एका ऑर्थोडॉक्स चर्चच्या पाद्रींवर कन्फेशनमधली माहिती वापरून एका महिलेचं शोषण केल्याचे आरोप झाले. तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्षांनी कन्फेशनच बंद करावं अशी शिफारस केली होती. असं कृत्य कुणी केलं असेल तर त्याला कायद्याने कडक शिक्षा व्हावी, त्यात दुमत नाही. पण ज्या लाखोंना तिथे आधार मिळतो त्यांच्यासाठी ते दार लावून घेणं मला पटत नाही.

तरी ओळखीच्या फादरसमोर संकोच होतोच. रोज मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला भेटणारा, घरी जेवायला येणारा माणूस तो. म्हणून तर कन्फेशनच्या जागी फादर आणि आपल्यामध्ये जाळी असते. पलीकडचा चेहरा दिसत नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शेजारच्या धर्मग्रामांतले (पॅरिशमधले) फादरही मदतीला येतात आणि लोक मुद्दाम अनोळखी फादरची रांग धरतात. यात काही गैर नाही. आजारी, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे फादर ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात पवित्र केलेली भाकर घेऊन घरी येतात. त्यांना कन्फेशन करायचं असेल तर घरातली सगळी बाहेर ओटीवर येऊन बसतात.

नियम वर्षातून एकदा तरी गंभीर पापं सांगण्याचा, तो 1215 च्या लॅटरन परिषदेपासूनचा (रोममध्ये भरलेली चर्चची मोठी सभा). त्यामुळे अनेक जण फक्त ईस्टरच्या तोंडावर जातात. मला ते पुरेसं वाटत नाही. त्या गर्दीत फादरही दमलेले असतात आणि आपल्यालाही मागच्या रांगेची घाई असते. एरवी निवांतपणे, वेळ मागून घेतलेल्या कन्फेशनमध्ये जो सल्ला मिळतो तो कितीतरी खोल असतो. लहान मुलांचंही पहिलं कन्फेशन पहिल्या ख्रिस्तप्रसादाआधी होतं. ‘देव रागावेल’ अशी भीती घालून त्यांना पाठवणाऱ्या पालकांना मी नेहमी अडवतो, कारण ती भीती पुढे जन्मभर जात नाही.

मैत्रिणीला ‘काय सांगितलंस?’ असं विचारू नका, आमच्यात नवरा-बायकोही एकमेकांना ते विचारत नाहीत. तुम्हाला स्वतःला मन मोकळं करायचं असेल तर हा संस्कार मिळणार नाही, त्यासाठी बाप्तिस्मा लागतो. पण जवळच्या चर्चमध्ये जाऊन फादरकडे वेळ मागा. ते तुम्हाला बसवून घेतील आणि ऐकतील.