कॉइल म्हणजे नुसती तारच ना? मग ती डीसी (एकाच दिशेने एकसारखा वाहणारा करंट) सोडते आणि एसी (सतत दिशा बदलणारा) अडवते, असं का?

शंका रास्त आहे. मीटर लावला तर कॉइल दोन-चार ओहमच दाखवते, मग अडवतंय कोण? मीपण बरेच दिवस 'इंडक्टर (म्हणजे ही कॉइलच) करंटला विरोध करतो' एवढंच घोकत होतो आणि तिथेच घोळ होता. त्याचा विरोध करंटला नाहीये, करंट बदलण्याला आहे. एकसारखा वाहतोय ना, मग कितीही वाहू दे, त्याला काही पडलेली नाही. वाढवायला गेलात की अडून बसतो, कमी करायला गेलात तरी अडून बसतो.

कारण असं की करंटमुळे तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, वेटोळी घातली की ते एकवटतं, आणि करंट बदलला की ते क्षेत्र बदलतं आणि बदलतं क्षेत्र त्याच तारेत उलट बाजूने व्होल्टेज तयार करतं (बदलत्या क्षेत्राने व्होल्टेज तयार होतं हे फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलं). हे व्होल्टेज किती, तर कॉइलचा इंडक्टन्स (ती बदलाला किती अडवते याचं माप, हेन्रीत मोजतात) गुणिले करंट बदलण्याचा वेग. बस, एवढंच सूत्र.

आता आकडे घालून बघा. 0.1 हेन्रीची कॉइल, सर्किटचा एकूण रेझिस्टन्स 10 ओहम, बॅटरी 10 व्होल्ट. शेवटी करंट 1 अँपिअर होणार हे ओहमच्या नियमाने कळतंच, पण स्विच दाबल्या दाबल्या तो शून्य असतो, 10 मिलीसेकंदांनी साधारण 0.63 अँपिअर होतो आणि 50 मिलीसेकंदांत जवळजवळ पूर्ण. त्यानंतर कॉइल म्हणजे साधी तार. डीसी 'सोडते' म्हणतात ते हेच.

एसीत मात्र करंटला स्थिर व्हायला वेळच मिळत नाही, सतत वर-खाली, त्यामुळे कॉइल सतत अडवत राहते. हीच कॉइल 50 हर्ट्झला साधारण 31 ओहमसारखी वागते आणि 10 किलोहर्ट्झला 6,000 च्या वर.

खरी गंमत बंद करताना. वरचा 1 अँपिअर समजा 10 मायक्रोसेकंदांत शून्य करायला गेलात तर सूत्राने 10,000 व्होल्ट येतात! 10 व्होल्टच्या बॅटरीवर! प्रत्यक्षात तेवढे होत नाहीत, कारण त्याआधीच स्विचच्या फटीतून ठिणगी उडते, करंटला कुठूनतरी जायचंच असतं.

हे मी पैसे घालवून शिकलोय. 12 व्होल्टचा छोटा रिले (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच) बीसी547 ट्रान्झिस्टरवर चालवत होतो, म्हणजे कॉइलचा करंट तो ट्रान्झिस्टर चालू-बंद करायचा, चार-पाच वेळा छान टिकटिक झाली आणि मग रिले ऑनच राहिला, काही केल्या सुटेना. तो ट्रान्झिस्टर 45 व्होल्टपर्यंतच सोसणारा, कॉइलच्या झटक्याने आतून शॉर्ट. मी येडा, नवीन लावला, तोपण गेला. मग कुणीतरी विचारलं, डायोड कुठाय?

तर रिलेच्या कॉइलला पॅरलल एक 1एन4007 डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) लावायचा, पट्टीची बाजू प्लसकडे. एरवी तो गप्प बसतो, ट्रान्झिस्टर बंद झाला की कॉइलचा करंट त्यातून गोल फिरत कॉइलच्याच रेझिस्टन्समध्ये विरतो. पट्टी उलटी लावू नका, मग ट्रान्झिस्टर ऑन होताच सरळ शॉर्ट होतो, हेपण करून झालंय माझं. आणि डायोड लावल्यावर रिले सुटायला किंचित उशीर लागतो, ते नॉर्मल आहे.